अस्थिकर्करोगाचा प्रसार आणि पेशीचा सांगाडा

जळगाव-धुळे भागात दहा ते वीस वर्षे वयाचे रुग्ण गुडघ्याजवळील सूज घेऊन आपणाकडे येतात. खेळताना वा शेतात मार लागल्याचा वृत्तांत बहुधा सोबत असतो. लेप व मर्दन सुरू होते. अशांपैकी क्वचित एखाद्यास ऑस्टिओसार्कोमा हा अस्थिकर्करोग असतो. गुडघ्यालगतच्या अस्थी हे त्याचे नेहमीचे स्थान, तर फुफ्फुस हे प्रसाराचे प्रमुख स्थान होय.

सुश्रुताचार्यांनी अर्बुदाचे सहा प्रकार सांगून अध्यर्बुद व द्विरर्बुद यांचेही वर्णन केले आहे. एका स्थानातील व्याधी अन्यत्र कसा पोहोचतो, यावर आधुनिक संशोधन पुढीलप्रमाणे प्रकाश टाकते.

प्रत्येक पेशीस प्रथिनांचा सांगाडा असतो. त्यातील अ‍ॅक्टिनचे तंतू पुढे वाढून पेशीचे आवरण ढकलतात व पेशी सरकते. एझ्रिन हे प्रथिन अ‍ॅक्टिनला आवरणाशी जोडते. २००४ साली डॉ. चांद खन्ना व सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविले की, एझ्रिन घटविल्यास या कर्करोगाचा फुफ्फुसातील प्रसार कमी होतो. मात्र एझ्रिनरोधक औषध अद्याप नित्य चिकित्सेत नाही. गती हे वायूचे कर्म असले, तरी अ‍ॅक्टिन म्हणजेच वायू असे समीकरण मांडणे आम्हास योग्य वाटत नाही.

सांगाड्याचा दुसरा घटक म्हणजे सूक्ष्मनलिका. पेशीविभाजनास त्या आवश्यक असतात. सदाफुलीपासून मिळणारे व्हिनक्रिस्टीन त्यांची जुळणी रोखते. युइंग सार्कोमा या दुसऱ्या अस्थिकर्करोगात ते शिरेतून, मोजून दिले जाते. ऑस्टिओसार्कोमात मुख्यतः सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन व शस्त्रकर्म योजतात. म्हणून सदाफुलीचा काढा वा चूर्ण कर्करोगावरील पर्याय म्हणून औषधालयातून कदापि देऊ नये.

या वयात रात्री वाढणारी वेदना, न उतरणारी वा वाढती सूज आढळल्यास मर्दन, स्वेदन व घट्ट पट्टबंधन थांबवून त्वरित क्ष-किरण चित्र काढवावे. मर्दनाने दुर्बल अस्थीचा भंग होऊ शकतो व मोलाचा काळ जातो. शंका राहिल्यास रुग्णास जळगाव वा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अथवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात पाठवावे. सूचिपरीक्षाही शस्त्रकर्म करणाऱ्या केंद्रातच व्हावी. पुढे भूक, निद्रा व बल यांसाठी आपले साहाय्य तेथील चिकित्सकांच्या संमतीने द्यावे. वेळीच रुग्ण पाठविणे हीदेखील चिकित्साच होय.