पोट शांत असतानाचं औषध

चि. भाचेराव यांस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

‘क्रोन्स डिसीज’ हे नाव रिपोर्टवर आल्यापासून घरातल्या डॉक्टरांची संख्या वाढली आहे. आजीच्या मते ही उष्णता, काकांच्या मते होस्टेलच्या मेसमधलं तेल, आणि शेजारच्यांना अजूनही आतड्याचा टीबीच वाटतो. यातला शेवटचा संशय मात्र शास्त्राला धरून आहे. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, ती या दोन्ही आजारांची आवडती जागा. पोटात कळा, बारीक ताप, उतरत जाणारं वजन हेही दोघांचं सारखंच. कोलोनोस्कोपी, बायोप्सी, स्कॅन सगळं झाल्यावरही आपल्याकडच्या अनुभवी डॉक्टरांना कधी कधी आधी टीबीची औषधं देऊन काय फरक पडतो ते बघावं लागतं. कारण क्रोन्स समजून टीबीच्या रुग्णाला स्टेरॉइड दिलं, तर टीबी फोफावू शकतो. तेव्हा निदानात गेलेले महिने वाया गेले, असं भाचेरावांनी मनात धरू नये.

आजार नवा नाही. ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅलझिएल यांनी १९१३ सालीच अशा रुग्णांचं वर्णन छापलं होतं. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांची हकीकत मांडली. त्यांच्या लेखी तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा आजार होता. पुढे कळलं की तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, आणि तोही मधले तुकडे निरोगी ठेवून. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यातल्या जंतूंवर वाजवीपेक्षा जास्त चिडते आणि शांत होत नाही. त्यात काही जनुकांचाही हात असतो. ‘एनओडी२’ हे त्यातलं पहिलं २००१ साली सापडलं. सूज अस्तरावर न थांबता आतड्याच्या भिंतीत आरपार जाते. म्हणून कुणाचं आतडं आक्रसतं, तर कुणाला फिस्टुला, म्हणजे आतड्यातून फुटलेली आडवाट, होतो. हा आजार परीक्षेच्या टेन्शनमधून जन्मत नाही आणि रूममेटला लागतही नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५६ च्या मे महिन्यात याच आजाराचं निदान झालं. जूनमध्ये आतडं तुंबलं आणि घाईने ऑपरेशन करावं लागलं. सर्जननी रोगट भाग जागेवरच ठेवून अन्नाला दुसरी वाट काढून दिली. आदल्याच वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला हा गृहस्थ नोव्हेंबरमध्ये निवडणूक लढला आणि दणदणीत मतांनी जिंकला. पण ही गोष्ट सांगून कुणी ‘एकदा ऑपरेशन केलं की सुटलास’ म्हणालं, तर भाचेरावांनी हसून सोडून द्यावं. ऑपरेशनने अडथळा दूर होतो, आजार मुळासकट जात नाही. अनेकांत तो पुन्हा आतड्याच्या जोडाजवळच डोकं वर काढतो.

आता आत्याला जे सांगायचं आहे ते. क्रोन्सचे खरे उपचार बरं वाटत असतानाच करायचे असतात.

पहिल्या काही आठवड्यांत स्टेरॉइडने कळा थांबतात, भूक लागते, गाल वर येतात. इथेच घोटाळा होतो. पोरगं म्हणतं, झालो बरा, आणि गोळ्या सुटतात. पण दुखणं आणि सूज हातात हात घालून चालत नाहीत. पोट गप्प असतानाही आत सूज धुमसत राहू शकते. म्हणून तर डॉक्टर शौचाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी पुन्हा पुन्हा सांगतात. स्टेरॉइड दीर्घकाळ घेण्याचं औषध नव्हे, त्याने हाडं ठिसूळ होतात. ते कमी करायचं तेही डॉक्टरांच्या हिशोबाने, एकदम बंद करायचं नाही. पुढची जबाबदारी दुसऱ्या औषधांची. ॲझाथायोप्रिनचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. आशियाई लोकांपैकी काहींत ‘एनयूडीटी१५’ या जनुकाच्या फरकामुळे त्याने पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात, म्हणून सुरुवातीला वरचेवर रक्त तपासतात. ती तपासणी चुकवू नये. इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ मध्ये परवानगी मिळाली आणि उपचारांचं चित्र पालटलं. ते सुरू करण्याआधी शरीरात टीबी दबा धरून नाही ना, हे बघणं आपल्या देशात फारच गरजेचं. ही इंजेक्शनं महाग खरी, पण त्याच जातीच्या अडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच स्वस्त आवृत्ती, अहमदाबादच्या कंपनीने २०१४ साली बाजारात आणली. तेव्हा कंपन्यांच्या रुग्ण-सवलतीच्या योजनांबद्दल डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

नियमाने उपचार घेतल्यावर काय होतं, ते लॅरी नान्स ज्युनिअरकडे पाहावं. वडील नामवंत बास्केटबॉलपटू, आणि मुलगा मात्र थकलेला, उंची खुंटलेला. सोळाव्या वर्षी क्रोन्सचं निदान झालं, उपचार सुरू झाले, उंची वाढली. २०१५ मध्ये तो एनबीएत उतरला. जलतरणपटू कॅथलीन बेकर हिलाही हाच आजार. रिओ ऑलिंपिकमध्ये तिने १०० मीटर बॅकस्ट्रोकचं रौप्य मिळवलं.

जेवणाबद्दल घरात सर्वांत जास्त मतं आहेत, म्हणून थोडक्यात. सगळ्या रुग्णांना लागू पडेल असा एकच क्रोन्सचा आहार नाही. आतडं आक्रसलेलं असेल तर पेरूच्या बिया, मक्याचं कणीस, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कच्चं सॅलड टाळावं. मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, अंडं चालतं. सूज शांत झाल्यावर एकेक पदार्थ परत आणावा. भीतीपोटी वरणभातावर वर्षं काढणारे रुग्ण कुपोषित होतात. लहान आतड्याचं शेवटचं टोक बी-१२ शोषून घेतं. तिथेच सूज असल्याने त्याची पातळी तपासून घ्यावी, आणि सोबत लोहाचीही.

शौचालयाची लाज हा या आजाराचा न बोलला जाणारा भाग. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ॲली बेन या चौदा वर्षांच्या मुलीला क्रोन्स होता. दुकानात अचानक घाई झाली, आणि कर्मचाऱ्यांचं शौचालय तिला वापरू दिलं नाही. ती गप्प बसली नाही, आमदाराकडे गेली. २००५ मध्ये तिथे अशा रुग्णांना ते वापरू देण्याचा कायदा झाला, आणि इतर राज्यांनीही त्याचा कित्ता गिरवला. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नाही आणि आपल्याकडे तसा कायदाही नाही, म्हणून भाचेरावांनी आपली सोय आपण करावी. सॅकमध्ये कपड्यांचा एक जोड, टिश्यू आणि पाण्याची बाटली ठेवावी. वाटेतल्या स्टेशनांपैकी कुठलं शौचालय चालू असतं ते माहीत करून घ्यावं. परीक्षेत मध्येच उठावं लागेल असं डॉक्टरांचं पत्र कॉलेजात आधीच देऊन ठेवावं. निदान एका मित्राला तरी सगळं खरं सांगावं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून याव्यात: आत्ताची कॅलप्रोटेक्टिन किती, पुढची कोलोनोस्कोपी कधी, आणि इंजेक्शन सुरू करण्याआधी कुठल्या लसी घ्यायच्या. उत्तरं फाईलमध्ये तारखेसकट लिहावीत.

तुझी,
आत्या

ता. क. क्रिकेट खेळून अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेऊ नये. त्या गोळ्यांमुळे आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारावं. सांधे सुजले किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर तोही क्रोन्सचाच भाग असू शकतो, म्हणून त्याच दिवशी फोन करावा. आणि टपरीवरची सिगारेट पूर्ण बंद. क्रोन्समध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना त्रास अधिक वेळा उलटतो आणि ऑपरेशनची पाळीही जास्त येते.