कामामोतोचे सात गोल आणि जपानचा फुटबॉल

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानच्या फुटबॉल संघाने सहा सामन्यांत नऊ गोल केले आणि कांस्यपदक मिळविले. या नऊपैकी सात गोल एकट्या कुनिशिगे कामामोतोचे होते. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडूही तोच ठरला. जपानमध्ये हे पदक अभिमानाने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण या आकड्यांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहिले, तर त्यांत जपानी फुटबॉलच्या पुढील पंचवीस वर्षांच्या दुखण्याचे मूळही सापडते.

कामामोतोचा जन्म १५ एप्रिल १९४४ रोजी क्योतो येथे झाला. वासेदा विद्यापीठात शिकत असतानाच तो राष्ट्रीय संघात आला. त्या काळी जपानमध्ये बेसबॉलचे राज्य होते. फुटबॉलला दुय्यम स्थान होते. १९६४ चे ऑलिंपिक तोकियोत भरणार, म्हणून यजमानांची फजिती होऊ नये या हेतूने १९६० मध्ये देत्मार क्रामर या पश्चिम जर्मन मार्गदर्शकाला पाचारण करण्यात आले. चेंडू अडविणे, अचूक पास देणे असे अगदी प्राथमिक धडे त्याने प्रौढ खेळाडूंकडून पुन्हा गिरवून घेतले. तोकियोत जपानने अर्जेंटिनाला ३-२ असे हरविले. एवढ्यावर समाधान न मानता देशभर खेळणारी कायमची साखळी स्पर्धा हवी, असा क्रामरचा आग्रह होता. त्यातूनच १९६५ मध्ये आठ संघांची जपान सॉकर लीग सुरू झाली.

हे संघ कंपन्यांचे होते. मुंबईत टाटा किंवा मफतलाल यांचे संघ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको. खेळाडू कंपनीचा नोकर. पगार नोकरीचा, खेळ हौशी. पदवी घेऊन कामामोतो १९६७ मध्ये ओसाकाच्या यानमार डिझेल या कंपनीत लागला. आपल्याकडील किर्लोस्करांप्रमाणे ही कंपनी डिझेल इंजिने बनविणारी. तिचा संघ आदल्या वर्षी लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर होता. नामांकित संघ सोडून त्याने हा तळाचा संघ पत्करला, ही गोष्ट मला त्याच्या काही गोलांपेक्षाही मोठी वाटते.

१९६८ च्या आरंभी त्याला पश्चिम जर्मनीत सारब्रुकेन येथे युप डेरवाल यांच्या हाताखाली शिक्षणासाठी पाठविण्यात आले. आलेला चेंडू थांबविणे, वळणे आणि फटका मारणे या तीन क्रियांची एकच क्रिया करायची, हे त्याच्या खेळाचे मर्म होते. गोलच्या उजव्या अंगाने, पंचेचाळीस अंशांच्या कोनातून मारलेला त्याचा फटका जपानमध्ये म्हणीसारखा प्रसिद्ध झाला.

मेक्सिकोत पहिल्याच सामन्यात त्याने नायजेरियाविरुद्ध तीन गोल केले. ब्राझीलशी १-१ अशी बरोबरी झाली, स्पेनशी गोलशून्य. फ्रान्सविरुद्धच्या ३-१ विजयात त्याचे दोन गोल होते. उपांत्य सामन्यात हंगेरीने मात्र ५-० असा धुव्वा उडविला. कांस्यपदकाचा सामना यजमान मेक्सिकोशी, आणि तोही आझ्तेका मैदानावर! पूर्वार्धातच कामामोतोने दोन गोल केले. दोन्ही वेळा डाव्या बगलेवरून चेंडू पुरविला तो रियुइची सुगियामाने. उत्तरार्धात गोलरक्षक योकोयामाने पेनल्टी अडविली नसती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. म्हणजे एकट्या कामामोतोने पदक आणले असे म्हणणे त्याच्या सोबत्यांवर अन्याय करणारे होईल. तथापि गोल करणारा दुसरा माणूस संघात जवळजवळ नव्हता, हेही तितकेच खरे.

त्याची प्रचीती वर्षभरातच आली. १९६९ मध्ये कामामोतो काविळीने अंथरुणाला खिळला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्याच्याविना उतरलेल्या जपानला दक्षिण कोरिया व ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्ध एकही सामना जिंकता आला नाही. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदकासाठी झालेल्या सामन्यात भारतानेच जपानला १-० असे हरविले होते! पुढे कामामोतो बरा होऊन खेळू लागला, गोलही करीत राहिला; पण संघ वर आला नाही. १९७७ मध्ये तो राष्ट्रीय संघातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या नावावर ७६ सामन्यांत ७५ गोल होते. विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत खेळण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही.

याचे कारण माझ्या मते कंपनीच्या या व्यवस्थेत शोधले पाहिजे. ती नोकरीची शाश्वती देत होती, पण दर आठवड्याला कसोटी पाहणारी स्पर्धा देत नव्हती. त्याच १९७७ साली यासुहिको ओकुदेरा पश्चिम जर्मनीतील कोलोन संघात गेला आणि पहिल्याच हंगामात लीग व कप दोन्ही जिंकणाऱ्या संघाचा घटक बनला. कामामोतोला हा मार्ग लाभला नाही. यानमारसाठी तो खेळत राहिला. १९७८ पासून तर खेळाडू आणि मार्गदर्शक या दोन्ही नात्यांनी. तळाच्या त्या संघाने चार वेळा लीग जिंकली. १९८२ मध्ये टाचेचा स्नायुबंध तुटला, तरी तो परतला. लीगमध्ये २५१ सामने, २०२ गोल आणि सात वेळा सर्वाधिक गोलांचा मान, हा त्याचा हिशेब. १९८४ मध्ये तोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर झालेल्या निरोपाच्या सामन्यात त्याच्याबरोबर पेले खेळला.

व्यावसायिक जे-लीग १९९३ मध्ये सुरू झाली, तेव्हा मात्सुशिता कंपनीच्या संघातून निर्माण झालेल्या गांबा ओसाकाचा मार्गदर्शक कामामोतो होता. लीगचा अध्यक्ष साबुरो कावाबुची हाही १९६४ च्या संघातलाच, अर्जेंटिनाविरुद्ध गोल करणारा. जपान पुन्हा ऑलिंपिक फुटबॉलमध्ये दिसला तो १९९६ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. आणि विश्वचषकात १९९८ मध्ये. मधल्या काळात कामामोतो जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा सदस्यही झाला होता. १० ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, तो निधन पावला. तोवर जपान सलग आठव्या विश्वचषकासाठी पात्र ठरला होता. त्याचा ७५ गोलांचा विक्रम मात्र जपानच्या एकाही पुरुष खेळाडूला गाठता आला नव्हता.