घरच्या शाळेचं ओझं

कोथरूड, पुणे

चि. मृदुला हिस,


तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. दिवाळीत सगळ्या घरासमोर अर्णवला सतराचा पाढा विचारला, तो 'सतरा आठे'वर अडला, आणि मोठे दीर म्हणाले, "शाळेत असता तर आला असता." त्या रात्रीपासून तुला वाटतंय की आपल्याला हे जमत नाहीये आणि आपण मुलाचं नुकसान करतोय. त्याबद्दल आधी लिहिते, कारण तुझं बाकीचं दुःख त्याच्याच भोवती आहे.

शाळेत जाणारी नऊ वर्षांची मुलंही सतराच्या पाढ्यात अडतात गं. फरक इतकाच, की त्यांच्या आईला कुणी जाब विचारत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाची प्रत्येक चूक मात्र थेट आईच्या नावावर मांडली जाते. हा अन्याय आहे, पण तो दूर करण्यासाठी अर्णवला दर सणावाराला तयार करून उभं करू नकोस. पुढच्या वेळी कुणी असं विचारलं तर मोकळेपणाने सांग, "भाऊजी, पाढे चालू आहेत त्याचे. त्याने पक्ष्यांची वही केलीय, ती बघा." आणि विषय तिथेच थांबव. मोठ्यांचा मान राखूनही हे सांगता येतं. आई आपल्या बाजूने उभी राहिली, हे त्या पोराला त्या क्षणी कळायला हवं. पाढा काय, चार महिन्यांनी येईल.

आता तुझ्या वेळापत्रकाबद्दल. साडेआठ ते साडेबारा गणित, मराठी, इंग्रजी, परिसर अभ्यास, आणि दोन ते चार पुन्हा लेखन. मधे धाकटी ओवी रडते, कुकर लावायचा असतो, दारात कुणी ना कुणी येतं, आणि संध्याकाळी तुझा आवाज चढतो. तू दमणार नाहीस तर काय! मृदुला, तू घरात शाळाच आणून बसवलीस. प्राथमिक वर्गात कायद्याच्या हिशोबानेच एका शिक्षकामागे तीस मुलं असतात. हजेरी, वह्या तपासणं, गप्प बसवणं, मागे राहिलेल्यांसाठी थांबणं, यात शाळेचा बराच दिवस जातो. तुझ्यासमोर एक मूल आहे. अर्णवच्या वयाला समोर बसून दोन तास नीट अभ्यास झाला तरी पुष्कळ झाला. उरलेला दिवस त्याला दे, आणि थोडा स्वतःला ठेव.

त्या उरलेल्या दिवसात काय होतं ते मी तुझ्याच घरी पाहिलंय. चकलीची भाजणी करायची होती. तीन वाट्या तांदूळ, दीड वाटी हरभऱ्याची डाळ, पाऊण वाटी उडीद डाळ. मी म्हटलं, निम्मीच करू. अर्णव ओट्याशी स्टूलवर चढला. तिनाची निम्मी दीड, दीडची निम्मी पाऊण, हे त्याने चटकन सांगितलं. पाऊणच्या निम्म्याला थांबला. बराच वेळ डाळीकडे बघत राहिला. मग पाव वाटीचं माप घेतलं, एकदा शिगोशीग भरून ओतलं, दुसऱ्यांदा निम्मं भरलं, आणि म्हणाला, "दीड पाव! म्हणजे अर्ध्या वाटीला थोडी कमी." कुणी न शिकवता अपूर्णांकाचं अर्धं त्याने हाताने शोधलं. तू तेव्हा दारात उभी राहून सांगत होतीस की गणिताची वेळ निघून चालली आहे. अगं, गणितच चाललं होतं! असं काही घडलं की रात्री एका वहीत दोन ओळी लिहून ठेव. मन खचेल तेव्हा दुसऱ्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक आठवण्यापेक्षा ती वही वाच.

ओवी पाच वर्षांची आहे, तिच्या हातात पेन्सिल देण्याची घाई करू नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. पानं, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचं साहित्य होतं. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तुझ्या अंगणात एवढं सामान नक्की आहे.

प्रमाणपत्राची काळजी तू शेवटच्या ओळीत लिहिलीस, पण झोप तीच उडवत असणार. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर तिथून दहावीला बसता येतं, मराठीतूनही. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि एकेक विषय सोडवत पाच वर्षांत पुरं करता येतं. बाहेरून दहावीला बसायला आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे, पण त्याला निदान पाचवी पास लागते. अर्णवने दुसरीनंतर शाळा सोडली, तेव्हा पाचवीचा कागद वेळेवर करून ठेवा. कायद्याचंही स्पष्ट सांगते. शिक्षण हक्क कायदा मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घातल्याबद्दल पालकांना शिक्षा त्यात नाही. घरच्या शिक्षणाला त्यात वेगळी मान्यताही नाही. म्हणून कागद जपून ठेवायचे.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती तुला ठाऊक असावी. मधेच शाळेत आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवायचं, असं चौथं कलम सांगतं. म्हणजे परतीची वाट बंद नाही. अर्णव म्हणाला, मला शाळेत जायचंय, तर आनंदाने घाल. त्यात तुझी हार आहे असं मला अजिबात वाटत नाही. मूल सुखाने शिकतंय ना, एवढंच बघ. पण तो निर्णय दिवाळीतल्या बोलण्याच्या रागात घेऊ नकोस, तुझं मन शांत झाल्यावर त्याला जवळ घेऊन विचार.

अर्णवच्या बाबाला, समीरला, माझा निरोप दे. घरी शिकवायचं दोघांनी ठरवलं होतं, मग आठवड्यातला एक पूर्ण दिवस मुलं त्याच्याकडे. त्या दिवशी तू घराबाहेर पड, मैत्रिणीकडे जा, नाहीतर झोप काढ. तो 'कामं असतात' म्हणाला तर त्याला मला फोन करायला सांग. आणि अर्णवला संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर रोज पाठव, त्याला बरोबरीची मुलं हवीत. दिवसभर फक्त आई आणि धाकटी बहीण हे त्याला पुरणार नाही, तुलाही झेपणार नाही.

संक्रांतीनंतर मी तुमच्याकडे राहायला येते. ओवीला मी बघेन. तोवर ते वेळापत्रक फ्रीजवरून काढ, आणि सतराचा पाढा महिनाभर विसर.

तुझी,
सुधामावशी