आवाजाच्या विलंबाचा हिशेब

संगणकावर व्याख्यान ऐकताना कधी ओठ आधी हलतात व शब्द मागाहून येतो. ज्या वडीलधाऱ्यांना कमी ऐकू येते, ते ओठांवरून शब्द लावतात. त्यांची तर फारच पंचाईत होते. हा घोळ पुष्कळदा हिशेबाच्या चुकीने होतो.

आवाजाचे सेकंदास ४८,००० नमुने असतात असे धरू. डाव्या व उजव्या बाजूचा एकेक नमुना मिळून एक फ्रेम होते. नमुना २ बाइटांचा, म्हणून फ्रेम ४ बाइटांची. प्रोग्रॅम या फ्रेम बफर नावाच्या हौदात ओततो. ध्वनियंत्र दुसऱ्या तोंडाने त्या उपसते. लिनक्सच्या 'आल्सा' व्यवस्थेत दोन्ही तोंडांची मोजणी ठेवलेली असते.

उदाहरण घेऊ. ओतल्या ९६,०००, उपसल्या ९१,६८०. शिल्लक ४,३२०. शिवाय उपसलेल्या, पण यंत्राच्या पोटात अजून न वाजलेल्या ४८० मिळवा. एकूण ४,८००. यास ४८,००० ने भागता विलंब येतो ०.१ सेकंद. तेवढेच चित्र थोपवून धरले, की ओठ व शब्द जुळतात.

आता बाइटांनाच फ्रेम समजल्यास उत्तर चौपट, ०.४ सेकंद येईल. चित्र नको इतके थांबेल आणि शब्द ओठांच्या आधी ऐकू येईल. ही चूक अधिक बोचते. निसर्गात वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून येतो. कानाला मागे राहण्याची सवय आहे, पुढे धावण्याची नाही.

म्हणून भागाकारापूर्वी एकक तपासावे, आणि पोटातली शिल्लक विसरू नये.