जुनी मोटारसायकल आणि बाजाराचा दिवस : पेट्रोलची वाट कशी तपासावी?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आठवडी बाजारांवर पोट भरणारे बांधव पुष्कळ आहेत. कपडेवाले, मनियार, बागवान, अत्तार, नद्दाफ. घर एका गावी आणि गिऱ्हाईक चार गावी, असा आपला धंदा. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि मागच्या सीटवर गाठोडे बांधून बाजार करणे सोपे झाले. त्या घराण्यातील पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या आजही धावत आहेत. नवी गाडी म्हणजे हप्ते आणि हप्त्यांबरोबर व्याज, म्हणून जुनीच सांभाळण्याकडे आपला कल असतो. पण सांभाळायची तर तिचा आजार ओळखता आला पाहिजे.

आमची चूक

एका पावसाळ्यात आम्ही पुसदहून उमरखेडच्या बाजाराला निघालो होतो. पोळ्याच्या आधीचा शेवटचा बाजार. गाठोड्यात उधारीवर उचललेला माल होता आणि दोन कुटुंबांना कपडे आणून देण्याचा वायदा होता. काही अंतर गेल्यावर गाडी फडफडली आणि बंद पडली. थोडा वेळ थांबून किक मारली तर चालू, पुढे पुन्हा बंद. असे करत पोहोचलो तेव्हा बाजार उठत आला होता आणि ती दोन्ही कुटुंबे दुसरीकडून खरेदी करून गेली होती.

पुढे मिस्तरीने प्लग बदलला, मग कार्ब्युरेटर बदलला. दुकानासमोर गाडी उत्तम चाले, रस्त्यावर पुन्हा तेच. शेवटी कळले ते असे : पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून आम्हीच झाकणावर प्लास्टिकची पिशवी ताणून रबराने घट्ट बांधत होतो. मिस्तरी दर वेळी पेट्रोल पाहण्यासाठी पिशवी सोडी, म्हणून त्याच्यासमोर गाडी चाले. घरी येऊन आम्ही ती पुन्हा बांधत होतो! टाकीत हवा जाण्याची वाट आम्हीच बंद केली होती.

पेट्रोलची वाट

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. टाकी, कॉक, फिल्टर, रबरी पाईप आणि कार्ब्युरेटरची वाटी, अशी त्याची वाट. जितके पेट्रोल खाली गेले तितकी हवा वरून टाकीत आली पाहिजे. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असते. वाटीत एक फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो सुईने तोंड बंद करतो. पुढे बारीक भोकांच्या पितळी जेटमधून पेट्रोल हवेत मिसळून इंजिनात जाते. बिघाड या वाटेवर कोठे तरी असतो. तो वरून खाली, क्रमाने शोधावा. बिनखर्चाची जागा आधी पाहावी, खर्चाची शेवटी.

क्रमाने तपास

तपासापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, गाडी मोकळ्या जागी घ्यावी, विडी-सिगारेट दूर ठेवावी आणि मालाचे गाठोडे आधी उतरवावे. कापडाला पेट्रोलचा वास लागला की ते विकले जात नाही, आणि आगीचा धोका वेगळाच.

पहिली गोष्ट, कॉक चालू आहे का आणि टाकीत पेट्रोल आहे का ते पाहा. मग चार-सहा किका मारून प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते आहे. दोष ठिणगीत आहे किंवा पेट्रोल जास्त येते आहे.

प्लग कोरडा निघाला तर कार्ब्युरेटरकडचा पाईप काढून बाटलीत धरा व कॉक उघडा. सलग धार आली तर वरची वाट साफ आहे. थेंबथेंब आले तर टाकीचे झाकण उघडा. धार वाढली की समजावे, झाकणाचे छिद्र बंद आहे. तरीही वाढली नाही तर फिल्टर किंवा कॉकची जाळी तुंबली आहे.

वरची वाट साफ असेल तर वाटीखालचा स्क्रू सैल करून त्यातील पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या व थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर पाणी, तांबूस गाळ बसला तर टाकीला गंज. गंज असेल तर नुसता फिल्टर बदलणे म्हणजे फाटक्या कापडाला इस्त्री; टाकी उतरवून साफ करावीच लागते.

लक्षणावरून ओळख

गाडी चोक ओढूनच चालते आणि रेस सोडली की बंद पडते, तर बहुधा लहान जेट तुंबला आहे. मंद गतीत ठीक पण ओझे घेऊन चढावर अडखळते, तर मोठा जेट किंवा अपुरी धार. जेट पोलादी तारेने टोकरू नये, भोक मोठे होते व गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पंक्चरवाल्याकडील हवेने साफ करावा. कार्ब्युरेटरच्या नळीतून पेट्रोल गळते व प्लग काळा पडतो, तर फ्लोटची सुई झिजली आहे किंवा तिच्याखाली कचरा अडकला आहे. अशा वेळी इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो का ते पाहा. येत असेल तर सुई दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका.

आजचे पेट्रोल

पेट्रोलमध्ये ऊस, मका, तांदूळ यांपासून केलेले इथेनॉल मिसळतात. देशात हे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर आले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल काही पंपांवर सुरू झाले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि कॉक तळातूनच पेट्रोल घेतो. जुन्या टाकीतील चिकटलेला गाळही ते सोडवते व फिल्टर तुंबतो. जुने रबरी पाईप व वॉशर त्याने लवकर खराब होऊ शकतात. म्हणून जुन्या गाडीची तपासणी पूर्वीपेक्षा अधिक वेळा करावी.

आधीच घ्यायची काळजी

१. महिन्यातून एकदा वाटीतील पेट्रोल बाटलीत काढून पाहावे.
२. पावसाळ्यापूर्वी फिल्टर बदलावा. पाईप कडक झाला किंवा चिरला तर तोही बदलावा.
३. झाकणाचे छिद्र साफ ठेवावे. प्लास्टिक उभ्या गाडीवर सैल टाकावे, चालवताना काढावे.
४. पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या वर ठेवावी, म्हणजे आत ओल कमी धरते. वैशाखाच्या उन्हात मात्र गळ्यापर्यंत भरू नये.
५. रात्री कॉक बंद करावा. उमऱ्याला किंवा परगावी जाताना कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू द्यावे.
६. रस्त्याकडेच्या बाटलीतील पेट्रोल टाळावे. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर नसतो, पंप आणि सेन्सरने पेट्रोल फवारले जाते. त्या गाड्यांवर वरील प्रयोग करू नयेत, जाणकाराकडेच द्याव्यात.

बांधवांनो, आपल्याला आधी उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आहे. बाजाराच्या आदल्या रात्री आपण गाठोडे बांधतो, गज आणि वही तपासतो. त्यातच दहा मिनिटे गाडीला द्यावीत. त्या दिवशी आमचा माल पुढच्या बाजारात विकला गेला, कार्ब्युरेटरचा खर्चही भरून निघाला. पण ती दोन गिऱ्हाइके परत जोडायला आम्हाला वर्ष लागले. वायदा पाळण्याची सोय घरूनच करून निघावे, बरकत इन्शाअल्लाह त्यातच आहे.