विक्रीच्या नोकरीत दिवस आपल्या हातात ठेवा

राजगुरुनगरच्या घरांत बारावीनंतर चर्चा होते ती आयटीआयची, डिप्लोमाची, नाहीतर चाकणच्या कंपनीत ‘परमनंट’ होण्याची. मुलगा किंवा मुलगी ‘मी सेल्समध्ये जाते’ म्हणाली, की आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. दारोदार फिरायचं, टार्गेटच्या मागे धावायचं, यात करिअर कसलं? काळजी खरी आहे, पण एवढ्यावरून या क्षेत्रावर फुली मारू नका.

आपल्याच खेड तालुक्यात बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत. त्यांना सुटे भाग पुरवणारे आणि त्या पुरवठादारांना टूल, बेअरिंग, कटिंग ऑइल, पॅकिंगचे खोके विकणारे कितीतरी लहान उद्योग महाळुंगे, निघोजे, कुरुळी, भोसरीत आहेत. त्यांना नवी गिऱ्हाइकं शोधणारी माणसं हवी असतात. मशीनची भाषा कळणारा आयटीआयवाला इथे लवकर विश्वास मिळवतो.

अवघड काय आहे?

नकार. गेटवर सिक्युरिटी विचारते, ‘अपॉइंटमेंट आहे का?’ परचेसवाले म्हणतात, ‘आमचा व्हेंडर ठरलेला आहे.’ असं चार वेळा झालं की हात आपोआप मोबाइलकडे जातो, नाहीतर माणूस याद्या नीटनेटक्या करत बसतो. काम केल्यासारखं वाटतं, पण नव्या माणसाशी बोलणं झालेलंच नसतं.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही हे नकार चुकले नाहीत. 1903 च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, पण लोखंडाने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर घडवण्याइतकंच तो घेणारा पहिला माणूस मिळवणं कठीण होतं. त्यांनी चिकाटी सोडली नाही. 1910 मध्ये त्यांच्या कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, उभी राहिली.

दिवस कसा आखायचा?

– उद्या कोणाला फोन करायचे ते आज संध्याकाळीच लिहून ठेवा. एका दिवशी एकाच प्रकारचे कारखाने घ्या, समजा फक्त प्रेस शॉप. बोलणं आपोआप सुधारतं.

– फोनसाठी दोन तास राखून ठेवा. सकाळी कारखान्यात प्रॉडक्शनची गडबड असते, त्यानंतरची वेळ बरी. तेवढा वेळ व्हॉट्सॲप बंद. महिनाअखेरीला डिस्पॅचची धांदल असते आणि भोसरीकडे अनेक ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते, हेही ध्यानात ठेवा.

– भेटी एकाच पट्ट्यातल्या ठरवा. सकाळी महाळुंगे आणि दुपारी भोसरी केलंत, तर अर्धा दिवस चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत जाईल.

– गेटबाहेर पडताच नोंद करा. ‘भेटलो, बोलणं चांगलं झालं’ एवढं पुरत नाही. ‘महिन्याला दोन बॅरल कटिंग ऑइल लागतं, सध्याच्या तेलाला वास येतो, सॅम्पल हवं, मंगळवारी अकराला फोन’ असं लिहा. फॉलो-अपचा जीव अशा नोंदीत असतो.

ऑर्डर कधी येईल हे आपल्या हातात नसतं. किती जणांशी नीट बोलायचं, हे असतं. म्हणून रोजचा हिशेब त्याचाच ठेवा.

पालकांसाठी

रोज संध्याकाळी ‘ऑर्डर मिळाली का?’ विचारू नका. ‘आज कोणाला भेटलास, काय नवं कळलं?’ असं विचारा. नोकरी घेण्याआधी मात्र कसून चौकशी करा: ठरलेला पगार किती, पेट्रोलचा खर्च कोण देणार, हे नेमणूकपत्रात आहे का? जे आधी डिपॉझिट मागतात किंवा नातेवाइकांनाच माल विकायला लावतात, त्यांच्या दारात पाऊल टाकू नका.

मुलांनो, येत्या सुट्टीत ओळखीच्या एखाद्या वर्कशॉप मालकाला विचारा आणि महिनाभर त्यांच्या विक्रीच्या माणसाबरोबर फिरा. नकार ऐकूनही दुसऱ्या दिवशी यादी घेऊन बसावंसं वाटलं, तर हे क्षेत्र तुमचं आहे.