सड्यावरची पाती आणि न येणारी घार

१. खाली पडलेले पक्षी मोजून हिशेब लागत नाही.

आमच्या कुंडलहून ढालगावच्या माळावर जा, नाहीतर साताऱ्याकडे चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवड्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर. सोबतचा माणूस पवनचक्कीच्या बुंध्याशी जाऊन हमखास विचारतो, “मेलेले पक्षी कुठायत?” क्वचितच काही सापडतं. कुत्री, कोल्ही, कावळे सकाळपर्यंत सगळं साफ करतात. पावसाळ्यानंतर गवत एवढं माजतं की अंगठ्याएवढं वटवाघूळ पायाखाली असलं तरी कळत नाही. शोध घ्यायचा तर भल्या पहाटे, आखलेल्या रेघेवरून चालत घ्यावा. आधी कोंबडीची मेलेली पिल्लं ठेवून ती किती दिवस जागेवर राहतात तेही बघावं लागतं, म्हणजे नजरेतून किती सुटलं याचा अंदाज येतो. एवढं न करता “इथं काही मरत नाही” असं कुणी लिहून दिलं, तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

२. जो येत नाही, त्याची नोंद आधी करा.

हे मला एका धनगर मामांनी शिकवलं. “फॅनच्या रांगेत घार घिरट्या घालत नाही. कड्याकडं बघा, तिथं हाय ती,” असं ते म्हणाले. नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले होते. मामांचं म्हणणं आकड्यांत उतरलं.

त्या अभ्यासातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या सड्यावर एक सरडा राहतो. पावसाच्या आधी नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची झोळी पंख्यासारखी उघडतो. गडद निळा, काळा आणि केशरी, असे तीन रंग क्षणभर चमकतात आणि मिटतात. जांभ्याच्या करड्या खडकावर हा रंग पाहिला की उन्हाचा विसर पडतो. कापशी घार आणि तिसा हे शिकारी पक्षी त्याचे शत्रू. ते कमी झाले तसे पवनचक्क्यांच्या भागात सरडे वाढले. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी भरलं आणि माणूस बराच जवळ गेला तरी ते पळेनात. पण गर्दी वाढली की खाण्याची ओढाताण होते. हे सरडे अंगानं बारीक निघाले आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडलेले होते.

म्हणजे पात्याला एकही पक्षी धडकला नाही असं धरलं, तरी गवतातल्या सरड्याच्या गळ्यापर्यंत परिणाम पोचला आहे. आणि सरडा ज्या किड्यांवर जगतो, त्यांचं काय झालं हा प्रश्न उरतोच.

३. रात्रीचा हिशेब वेगळा ठेवा.

आमच्याकडे दिवस मावळला की उसाच्या फडावर छोटी वटवाघळं उतरतात, अगदी डोक्यावरून सुळकन वळतात. रात्रभर ती पिकावरचे कीटक टिपतात. वटवाघळाची मादी एका वेळी साधारणपणे एखाद-दुसरंच पिल्लू देते, त्यामुळे झालेली घट भरून यायला फार काळ जातो. पात्याचं टोक ताशी 200 किलोमीटरच्या पुढे फिरतं. खालून पाहताना ते सावकाश वाटतं, ती नजरेची फसवणूक. कॅनडातल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांखाली मिळालेली वटवाघळं तपासली, तेव्हा अनेकांच्या अंगावर बाहेरून जखम नव्हती, आत मात्र रक्तस्राव होता. त्यांना पात्याचा थेट मार बसला की हवेचा दाब एकदम उतरल्यानं हे झालं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मरण मात्र दोन्हीकडे सारखंच.

४. उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे.

वटवाघळं मंद वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात, आणि मंद वाऱ्यात वीजही थोडीच बनते. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या एका प्रकल्पात 2008 आणि 2009 मध्ये पाती सुरू होण्यासाठी लागणारी वाऱ्याची वेगमर्यादा रात्रीपुरती वाढवली. वटवाघळांचे मृत्यू 44 ते 93 टक्क्यांनी घटले आणि वर्षाचं वीज उत्पादन 1 टक्क्यापेक्षाही कमी बुडालं. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर तीन पात्यांपैकी एक काळं रंगवलं, तर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाले. तिथे चारच पवनचक्क्या रंगवल्या होत्या, म्हणून आपल्या उन्हात आणि धुक्यात ते वेगळं तपासायला हवं.

आपल्या घाटमाथ्याला तर निसर्गानंच सवलत दिली आहे. इथला जोराचा वारा नैऋत्य मोसमी पावसाबरोबर येतो आणि वर्षाची बहुतेक वीज त्याच महिन्यांत तयार होते. मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी गवताळ माळांवर येतात ते हिवाळ्यात, वारा पडलेला असताना. त्या दिवसांत मंद वाऱ्याच्या वेळी पाती थांबवली, तर कंपनीचं फार जात नाही. हे गणित इथल्या प्रत्येक प्रकल्पात मांडून बघावं, असं मला कळकळीनं वाटतं.

५. रस्ता आणि तार विसरू नका. एका पवनचक्कीसाठी सडा फोडून ट्रेलर जाईल एवढा रस्ता होतो आणि गवताचे तुकडे पडतात. विजेच्या तारांवर मोठे पक्षी मरतात ते वेगळंच. माळढोकाच्या बाबतीत ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 2021 मध्ये त्यावर आदेश आला.

६. जागा निवडतानाच निम्मं ठरून जातं.

मला पवनऊर्जा हवी आहे. इथला ऊस विजेच्या मोटारीवर उभा आहे आणि कोळसा जाळून ती वीज कायम मिळवत राहणं मला पटत नाही. पण 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा घेतलेलीच नाही, म्हणून पूर्वपरवानगीसाठीचा अभ्यास टळतो. जागा राखणं मात्र इथं नवं नाही. आमच्या गावाशेजारी सागरेश्वर अभयारण्य आहे. उघड्या बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं झाडं लागली, हरणं आली. जागेची निगा राखली तर काय होतं, ते आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. वनाधिकारी घडवणारी प्रबोधिनी तर कुंडलमध्येच आहे.

७. आता संधी आहे.

सड्यावरची जुनी, लहान यंत्रं काढून त्या जागी उंच आणि मोठी बसवण्याचं धोरण केंद्रानं 2016 मध्ये आणलं आणि 2023 मध्ये ते सुधारलं. यंत्र बदलताना जागाही बदलता येते. कड्याच्या अगदी धारेवरची यंत्रं मागे घ्यावीत, कारण शिकारी पक्षी तिथल्याच वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगतात. त्याआधी एक पूर्ण वर्ष, रात्री धरून, पक्षी आणि वटवाघळांची मोजणी व्हावी. तिचा अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. राखणदार आणि मेंढपाळ वर्षभर सड्यावरच असतात. त्यांना मजुरी देऊन या मोजणीत घ्यावं.